राष्ट्राध्यक्षांच्या टाळूतलं गुपित

२६ जून १८९३ रोजी मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी लोकांची चांदी घेणं बंद केलं. तोवर चांदीची लगड घेऊन कुणीही टांकसाळीत जावं, घडणावळ भरावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी रीत होती. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या चांदीचं हिंदुस्थान हे फार मोठं गिऱ्हाईक होतं. लॉर्ड हर्शेल यांच्या समितीच्या शिफारशीवरून सरकारनं ही वाट बंद केली आणि तारेनं बातमी पोचताच लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात चांदीचा भाव गडगडला. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरांतल्या चांदीच्या खाणींना टाळी लागू लागली.

चारच दिवसांनी, ३० जूनला, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी ७ ऑगस्टला काँग्रेसचं खास अधिवेशन बोलावल्याचं जाहीर केलं. त्याच संध्याकाळी ते वॉशिंग्टनहून निघून न्यूयॉर्कला आले आणि एका मित्राच्या बोटीवर चढले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या चालत्या बोटीवर सर्जनांनी त्यांच्या वरच्या जबड्याचा डावीकडचा मोठा भाग कापून काढला. ही गोष्ट अमेरिकेच्या जनतेला खात्रीनं कळायला पुढे चोवीस वर्षं लागली.

त्या उन्हाळ्यात अमेरिका हवालदिल झाली होती. फेब्रुवारीत एक मोठी रेल्वे कंपनी दिवाळखोरीत गेली, मे महिन्यात दोरखंडांचा मोठा कारखानदारी समूह कोसळला, आणि मग बँकांपुढे रांगा लागल्या. १८९० च्या शर्मन कायद्यानुसार सरकारला दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घ्यावी लागे. त्या बदल्यात दिलेल्या नोटा घेऊन लोक सरकारकडे यायचे आणि सोनं मागायचे. खजिन्यातला सोन्याचा साठा दहा कोटी डॉलरच्या खाली गेला, तशी व्यापाऱ्यांना धडकी भरली. क्लीव्हलँड यांचं मत पक्कं होतं, हा कायदा रद्द झालाच पाहिजे. पण त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षात चांदीवाल्यांचा मोठा गट होता, आणि उपराष्ट्राध्यक्ष ॲडलाय स्टीव्हन्सन यांचा कल त्या गटाकडे होता. क्लीव्हलँड यांना काही झालं असतं, तर सोन्याच्या बाजूचा खांबच निखळला असता.

आणि त्यांना काहीतरी झालं होतं. मे महिन्यात टाळूच्या डाव्या बाजूला जिभेला खरखरीत काहीतरी लागतंय, हे त्यांच्या लक्षात आलं. कामाच्या रगाड्यात दीडेक महिना गेला. १८ जूनला लष्करी डॉक्टर रॉबर्ट ओ'रायली यांनी तोंड तपासलं. दाढांपासून टाळूच्या मध्यरेषेच्या जवळपर्यंत पसरलेला, पाव डॉलरच्या नाण्याएवढा व्रण होता आणि खालचं हाडही बिघडलेलं दिसत होतं. व्रणाचा तुकडा काढून, रुग्णाचं नाव न सांगता, लष्कराच्या वैद्यकीय संग्रहालयात तपासायला पाठवला गेला. कर्करोगाची दाट शंका आहे, असा अभिप्राय आला. क्लीव्हलँड यांचे न्यूयॉर्कमधले जुने डॉक्टर आणि मित्र जोसेफ ब्रायंट यांना बोलावलं गेलं. त्यांनी व्रण पाहिला आणि सांगितलं की हा माझ्या तोंडात असता तर मी लगेच काढून घेतला असता.

कर्करोग म्हटल्यावर त्या काळच्या अमेरिकन माणसाला एकच चेहरा आठवे. यादवी युद्धाचे सेनापती आणि माजी राष्ट्राध्यक्ष युलिसीस ग्रँट घशाच्या कर्करोगानं १८८५ च्या जुलैत गेले. त्यांचा शेवटचा प्रवास महिनोन्‌महिने वर्तमानपत्रांत रोज छापून येत होता. तेव्हाही राष्ट्राध्यक्षपदावर क्लीव्हलँडच होते. त्या रोगाचं नाव सोबत येताच माणसाकडे लोक कसे पाहू लागतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

टाळूवरचा व्रण सर्जनांना इतका का धास्तावतो, हे कळायला चेहऱ्याच्या आत थोडं डोकवावं लागतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालाच्या मागे, वरच्या जबड्याचं हाड आतून पोकळ असतं. हाच मॅक्सिलरी सायनस. मोठ्या माणसात त्यात जेमतेम तीन चहाचे चमचे पाणी मावेल. पण ही पोकळी चेहऱ्यातल्या सगळ्या नाजूक गोष्टींच्या मधोमध आहे. तिचं छत म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा तळ. तिची जमीन म्हणजे वरच्या दाढांच्या मुळांवरचं हाड, आणि काही माणसांत ते इतकं पातळ असतं की मुळं आणि पोकळी यांच्यात फक्त अस्तर उरतं. आतली भिंत नाकाला लागून असते, आणि नाकात उघडणारं तिचं दार तळाशी नसून वर, छताजवळ असतं. अस्तरावरचे सूक्ष्म केस आतला ओलावा वर ढकलत त्या दारातून बाहेर काढतात. सर्दीनं दार सुजलं की ओलावा साचतो, पू होतो, गाल ठणकतो. खाली वाकलं की कपाळ आणि दाढा एकदमच दुखतात, आणि पुष्कळ जण आधी दातांच्या डॉक्टरकडे जातात. कर्करोग मात्र या पोकळीत गुपचूप वाढतो. जागा रिकामी असल्यानं तो बराच काळ कशालाच टेकत नाही. दुखू लागतो तेव्हा त्यानं एखादी भिंत ओलांडलेली असते.

या पोकळीचं चित्र लिओनार्दो दा विंची यांनी १४८९ च्या सुमारास कवटी उभी चिरून काढलं होतं, पण ते कागद शतकानुशतकं कुणाच्या पाहण्यात आले नाहीत. वैद्यकाला तिची नीट ओळख करून दिली ती इंग्लंडमधले डॉक्टर नथॅनियल हायमोर यांनी, १६५१ सालच्या आपल्या शरीररचनेच्या ग्रंथात. त्यांनी एका बाईची हकीकत नोंदवून ठेवली आहे. तिचा वरचा सुळा काढताना हाडाचा पापुद्रा बरोबर निघाला आणि त्या भोकातून सतत पाणी झिरपू लागलं. हे भोक जातं कुठवर, हे पाहायला बाईनं त्यात चांदीचा दाभण घातला, तो जवळजवळ दोन इंच आत गेला. मग तिनं पिसाची काडी घातली, तर ती जातच राहिली. मेंदूपर्यंत पोचली असणार, या भीतीनं बाईची गाळण उडाली. हायमोर यांनी तिला समजावलं की काडी मेंदूत गेलेली नाही, पोकळीत वळली आहे, आणि अशी पोकळी प्रत्येकालाच असते. शल्यशास्त्राची कितीतरी पुस्तकं मी चाळली आहेत. पण घाबरलेल्या रुग्णाची समजूत घालता घालता शरीराचा एक भाग जगासमोर आला, अशी दुसरी नोंद मला आठवत नाही.

त्या बाईच्या तोंडातलं भोक पुढे सर्जनांनी मुद्दाम पाडायला सुरुवात केली. लंडनचे विल्यम काउपर दाढ काढून तिच्या खोबणीतून पोकळीला छिद्र पाडत आणि पू वाहू देत. १७०७ साली त्यांचे सहकारी जेम्स ड्रेक यांच्या ग्रंथात ही रीत छापून आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचे देसो यांनी दात शाबूत ठेवून ओठाखालून, सुळ्याच्या वरच्या खळग्यातून आत शिरण्याची वाट काढली. पुवाचं हे झालं, पण गाठ असेल तर हाडच काढावं लागे. १८२७ साली लिओं शहरात जँसूल यांनी एका तरुणाचा वरचा जबडा काढला. ईथरची भूल अजून एकोणीस वर्षं लांब होती. तो मुलगा जागा होता, एवढंच सांगून मी पुढे जातो.

१८९३ पर्यंत भूल आली होती, लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत आली होती, तरी वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया सर्जन मंडळी धास्तीनंच करत. ब्रायंट यांनी या शस्त्रक्रियेच्या २५० रुग्णांचा इतिहास गोळा करून १८९० मध्ये प्रसिद्ध केला होता, त्यामुळे यात माणसं कशी दगावतात हे त्यांना इतर कुणाहूनही नेमकं ठाऊक होतं. एक तर रक्त फार जातं. ते घशात उतरून श्वास कोंडतो. आणि नेहमीच्या पद्धतीत नाकाशेजारून वरच्या ओठापर्यंत चेहरा उघडावा लागे, त्याचा व्रण जन्मभर राहतो. राष्ट्राध्यक्षांच्या गालावर असा व्रण उमटला असता, तर काहीच लपलं नसतं. क्लीव्हलँड यांची अट होती की हे कुणालाही कळता कामा नये. त्यांच्या जाड मिशीला धक्का न लावता सगळं तोंडातून करायचं ठरलं. इस्पितळ नको, घर नको, वॉशिंग्टन तर नकोच. मग बोट सुचली.

बोटीचं नाव 'ओनायडा'. मालक बँकर एलायस बेनेडिक्ट, क्लीव्हलँड यांचे मासेमारीतले सोबती. त्या बोटीवरून राष्ट्राध्यक्ष पूर्वीही कित्येकदा समुद्रात गेले होते, म्हणून ते पुन्हा निघाले याचं कुणाला नवल वाटलं नाही. ब्रायंट यांनी मदतीला फिलाडेल्फियाचे विल्यम विल्यम्स कीन यांना बोलावलं. कीन हे त्या काळातले अमेरिकेतले पहिल्या फळीचे सर्जन. तरुणपणी यादवी युद्धातल्या जखमा बांधलेले, मेंदूतली गाठ यशस्वीपणे काढणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक. आपल्याशी त्यांचा एक धागा जुळतो. १८८४ पासून १८८९ पर्यंत ते फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शल्यशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चमध्ये त्याच कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

३० जूनच्या रात्री डॉक्टर वेगवेगळ्या धक्क्यांवरून एकेकटे बोटीवर आले. क्लीव्हलँड युद्धमंत्री डॅनियल लॅमॉन्ट यांच्यासह शेवटी पोचले. उकाड्याची रात्र होती. राष्ट्राध्यक्ष डेकवर चिरूट ओढत गप्पा मारत बसले आणि मध्यरात्रीच्या सुमारास झोपायला गेले. सकाळी बोट ईस्ट नदीतून निघाली, ती बेलव्ह्यू इस्पितळासमोरून. तिथल्या मंडळींनी ब्रायंट यांना ओळखू नये म्हणून सगळे डॉक्टर खाली केबिनमध्ये जाऊन बसले. खलाशांना सांगितलं होतं की साहेबांच्या दोन दाढा काढायच्या आहेत, त्यासाठी स्वच्छ हवा आणि स्वच्छ जागा हवी.

खालच्या दालनातलं सामान हलवून जागा धुऊन काढली होती. उपकरणं उकळली होती. मधल्या डोलकाठीला एक खुर्ची बांधली, तीच शस्त्रक्रियेची खाट. रुग्णाचं वय ५६, वजन शंभर किलोंच्या बरंच वर, मान आखूड आणि जाड. महिनोन्‌महिन्यांच्या काळज्यांनी अंग थकलेलं. अशा माणसाला ईथर देणं ही खरी भीती होती, ती कीन यांनी पुढे मोकळेपणानं लिहिली आहे. नाडी पाहायला न्यूयॉर्कचे नामांकित वैद्य एडवर्ड जेनवे होते, हाताखाली ब्रायंट यांचे साहाय्यक जॉन अर्डमन. दंतवैद्य फर्डिनंड हॅसब्रूक यांच्याकडे दात काढण्याचं आणि नायट्रस ऑक्साइडचं काम होतं.

दुपारी साडेबाराच्या सुमारास नायट्रस ऑक्साइड देऊन हॅसब्रूक यांनी वरच्या डाव्या दोन उपदाढा काढल्या. मग ओ'रायली यांनी ईथर सुरू केलं. गाल बाजूला ओढून धरणारं एक उपकरण कीन यांनी १८६६ साली पॅरिसहून आणलं होतं. त्याच्यामुळेच चेहऱ्यावर एकही छेद न घेता हात आत पोचला. ब्रायंट यांनी पहिल्या उपदाढेपासून शेवटच्या दाढेच्या मागेपर्यंत डावा वरचा जबडा आणि मऊ टाळूचा थोडा भाग काढला. मॅक्सिलरी सायनस उघडला, तेव्हा आत राखाडी, मऊ, चिकट गोळा भरलेला दिसला. म्हणजे टाळूवर दिसत होता तो व्रण रोगाचा फक्त खालचा काठ होता, बाकीचा रोग वरच्या पोकळीत शिरून बसला होता. ते सगळं खरवडून काढलं. डोळ्याचा तळ मात्र ब्रायंट यांनी जपला, त्यामुळे डोळा खाली उतरला नाही आणि एकाची दोन चित्रं दिसण्याचा प्रसंग आला नाही. शिवाय चेहऱ्याची ठेवण तशीच राहिली. रक्तस्राव दाबून, गरम पाण्यानं आणि विजेवर तापणाऱ्या तारेनं डागून थांबवला. एकच धमनी बांधावी लागली. एकूण रक्त सहा औंसांच्या आसपास, म्हणजे जेमतेम १८० मिलिलीटर गेलं. दोन वाजण्याच्या आत पोकळी गॉझनं भरून काम आटोपलं होतं.

त्या काळात शोषण-यंत्र नव्हतं, रक्त चढवण्याची सोय नव्हती. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून दोन वर्षं होती. अशा वेळी, हलत्या बोटीवर, तोंडाच्या अरुंद पोकळीतून एवढं हाड आणि एवढी गाठ काढायची आणि १८० मिलिलीटर रक्तात काढायची, याला मी निर्भेळ कौशल्य म्हणतो. ब्रायंट यांची ही शस्त्रक्रिया त्यांच्या आयुष्यातली सर्वात मोठी असेल. तिच्याबद्दल त्यांना सर्जनांच्या सभेत कधीही बोलता आलं नाही.

शुद्धीवर आल्यावर क्लीव्हलँड यांना मॉर्फिनची एक छोटी मात्रा दिली गेली. ताप १००.८ च्या वर गेला नाही. ३ जुलैला ते उठून हिंडू लागले आणि ५ तारखेला मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या 'ग्रे गेबल्स' या आपल्या घरी पायऱ्या चढून गेले. हॅसब्रूक यांना २ तारखेलाच न्यू लंडनच्या बंदरावर उतरवलं होतं. १७ जुलैला पुन्हा बोटीवरच दुसरी छोटी शस्त्रक्रिया झाली, संशयास्पद वाटलेला भाग काढला आणि जखम डागली.

आवाजाची अडचण उरली. गॉझ भरलेलं असताना ते जड, पण समजेल असं बोलत. गॉझ काढलं की तोंड आणि नाक एक व्हायचं आणि शब्द कळेनासे व्हायचे, दुभंगलेल्या टाळूच्या माणसाचे होतात तसे. न्यूयॉर्कचे दंतवैद्य कॅसन गिब्सन यांनी टणक केलेल्या रबराचा कृत्रिम जबडा बनवला. तो बसवला की पोकळी बंद होई आणि पूर्वीचा आवाज परत येई. आजही वरच्या जबड्याच्या कर्करोगानंतर दंतवैद्य असाच कृत्रिम टाळू बनवून देतात. साहित्य बदललं, तत्त्व तेच आहे. बोलता येण्यासाठी आणि घास नाकात न जाण्यासाठी लागणारी ही साधी वस्तू माणसाला पुन्हा चारचौघांत आणून बसवते.

त्या जुलैत महाधिवक्ता रिचर्ड ऑल्नी काँग्रेससमोरच्या निवेदनाचा मसुदा घेऊन ग्रे गेबल्सला गेले. समोर खंगलेला, जेमतेम बोलणारा माणूस पाहून ते हबकले. डॉक्टरांनी मला जवळजवळ मारलंच होतं, असं क्लीव्हलँड त्यांना म्हणाले. पत्रकारांना मात्र दाढदुखी आणि संधिवात एवढंच सांगितलं जात होतं, आणि ते सांगण्याचं काम लॅमॉन्ट यांच्याकडे होतं. पत्नी फ्रान्सिस यांना सगळं माहीत होतं. त्या तेव्हा गरोदर होत्या. आलेल्यागेलेल्यांना त्याच तोंड देत होत्या.

७ ऑगस्टला काँग्रेस भरली. २८ ऑगस्टला प्रतिनिधिगृहानं चांदी-खरेदीचा कायदा रद्द करण्याच्या बाजूनं २३९ विरुद्ध १०८ असा कौल दिला. दुसऱ्याच दिवशी, २९ ऑगस्टला, 'फिलाडेल्फिया प्रेस' या वृत्तपत्रात 'हॉलंड' या टोपणनावानं एक लांबलचक बातमी आली. बोट, तारीख, भूल, काढलेला जबडा, सगळं त्यात होतं. लेखक होते एलिशा जे एडवर्ड्स. हॅसब्रूक यांच्याकडून ही गोष्ट दुसऱ्या एका डॉक्टराच्या कानावर गेली आणि त्याच्याकडून एडवर्ड्स यांच्या. बाजारगप्पांवर ते थांबले नाहीत. स्वतः हॅसब्रूक यांना जाऊन भेटले. यांना सगळं कळलेलंच आहे, असं समजून हॅसब्रूक यांनी दुजोरा दिला. मगच त्यांनी लिहिलं. तपशिलात थोडं इकडेतिकडे सोडलं तर बातमी शंभर टक्के खरी होती.

पण एडवर्ड्स यांच्या बाजूनं कुणी उभं राहिलं नाही. बोटीच्या मालकानं इन्कार केला. क्लीव्हलँड यांच्या मित्र संपादकांनी दोन दात काढले होते, एवढंच सांगितलं. शहरातल्याच दुसऱ्या वृत्तपत्रानं एडवर्ड्स यांना भाकडकथा रचणारा ठरवलं. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला क्लीव्हलँड यांनी वॉशिंग्टनमध्ये अखिल अमेरिकी वैद्यकीय परिषदेचं उद्घाटन केलं, खणखणीत आवाजात. समोर खंडभरातले डॉक्टर बसले होते. कुणाला काही कळलं नाही. ९ सप्टेंबरला व्हाइट हाउसमध्ये त्यांना मुलगी झाली, त्या आनंदात उरलीसुरली शंकाही मिटली. दोनच दिवसांनी, ११ तारखेला, शिकागोत जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं सर्वधर्म परिषद सुरू झाली. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी त्या जागतिक प्रदर्शनाचं यंत्र क्लीव्हलँड यांनीच कळ दाबून सुरू केलं होतं, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस विवेकानंद मुंबईहून बोटीनं निघाले होते. परिषदेच्या व्यासपीठावर ते उभे राहिले तेव्हा त्या देशाचा प्रमुख रबराच्या जबड्यानं बोलत होता.

३० ऑक्टोबरला चांदी-खरेदीचा कायदा रद्द करायला सेनेटनंही मान्यता दिली आणि १ नोव्हेंबरला क्लीव्हलँड यांनी त्यावर सही केली. ज्या कारणासाठी गुप्तता पाळली ते साधलं. मंदी मात्र त्यानं हटली नाही, पुढची काही वर्षं चालूच राहिली.

क्लीव्हलँड १९०८ च्या २४ जूनला गेले, हृदयविकारानं. पंधरा वर्षांत टाळूतला रोग परत आला नाही. ब्रायंटही १९१४ मध्ये गेले. मग १९१७ च्या सप्टेंबरात, ऐंशीच्या घरात पोचलेल्या कीन यांनी 'सॅटरडे ईव्हिनिंग पोस्ट'मध्ये सगळी हकीकत स्वतःच्या नावानं लिहिली आणि एडवर्ड्स यांनी १८९३ मध्ये दिलेली बातमी खरी होती हे स्पष्ट सांगितलं. सत्तरीतल्या एडवर्ड्स यांना अभिनंदनाची पत्रं आली. १९२४ मध्ये ते वारले. त्यांना हयातीत न्याय मिळाला, पण ऐन उमेदीचा काळ खोटारडा हे बिरुद कपाळी घेऊन गेला होता.

या प्रकरणाकडे मी दोन बाजूंनी पाहतो. बाजार कोसळत असताना आपला आजार उघड करायचा नाही, हा क्लीव्हलँड यांचा निर्णय मला पटत नसला तरी समजतो. ग्रँट यांच्या मृत्यूनंतर त्या रोगाचं नाव घेताच काय झालं असतं, याचा अंदाज करता येतो. डॉक्टरांनी मौन पाळलं तेही त्यांच्या धर्माला धरून होतं. पण खरं लिहिणाऱ्या माणसाला जाणूनबुजून खोटं पाडणं ही वेगळी गोष्ट आहे. मौन पाळण्यानं काम भागत असताना इन्कार केला गेला, आणि तो करणाऱ्यांना सत्य ठाऊक होतं. देशाच्या हिताचं कारण इथे पुरेसं नाही. शिवाय वैद्यकाचंही नुकसान झालं. चेहरा न चिरता तोंडातून वरचा जबडा आणि सायनसमधली गाठ काढण्याचा एवढा स्वच्छ अनुभव चोवीस वर्षं कुठल्याही विद्यार्थ्याच्या उपयोगी पडला नाही. त्याच १८९३ साली न्यूयॉर्कमध्येच जॉर्ज कॉल्डवेल यांनी ओठाखालून सायनस उघडून नाकात वाट पाडण्याची आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. १८९७ मध्ये पॅरिसचे आँरी ल्यूक यांनी स्वतंत्रपणे तीच मांडली, आणि 'कॉल्डवेल-ल्यूक' हे नाव विसाव्या शतकातल्या प्रत्येक कान-नाक-घसा सर्जनाच्या तोंडी बसलं. नाकातून दुर्बीण घालून करायच्या शस्त्रक्रिया आल्यावरच ती मागे पडली. ओनायडावरच्या शस्त्रक्रियेला मात्र असं नावही मिळालं नाही.

काढलेली गाठ फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे, कीन यांच्या त्या पॅरिसच्या उपकरणासह. ती नेमकी कशाची होती यावर पुष्कळ वाद झाले. कुणी उपदंशाची गाठ म्हटलं, कुणी लाळग्रंथीची, तर कुणी जबड्यातली. १९८० मध्ये नमुन्याची नव्यानं तपासणी प्रसिद्ध झाली आणि 'व्हेरुकस कार्सिनोमा' असं निदान निघालं. हा कर्करोग हळू वाढतो, शेजारचं हाड पोखरतो, पण अंगात दूर सहसा पसरत नाही. पूर्ण काढला तर माणूस वाचतो. क्लीव्हलँड यांच्या पंधरा वर्षांचं कारण ते आहे, आणि त्याच्या बरोबरीनं ब्रायंट यांचा हातही.

हा रोग तंबाखू तोंडात धरणाऱ्यांत जास्त आढळतो. म्हणून तो अमेरिकेच्या संग्रहालयापेक्षा आपल्या गावांत, आपल्या घरांत अधिक आहे. मिश्री लावणाऱ्या आयाबायांत आहे, तंबाखू-चुन्याचा बार भरणाऱ्यांत आहे, गुटख्याच्या पुड्या फोडणाऱ्या पोरांत आहे. क्लीव्हलँड यांनी व्रण देशापासून लपवला, पण डॉक्टरला दाखवला, आणि शंका येताच दोन आठवड्यांत काढून घेतला. आपल्याकडे नेमकं उलट होतं. घरच्यांना माहीत असतं, शेजाऱ्यांना माहीत असतं, आणि डॉक्टरला सर्वात शेवटी कळतं. तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत भरला नाही, एकाच नाकपुडीतून रक्ताळलेलं पाणी येत राहिलं, गाल बधिर झाला किंवा वरची दाढ कारण नसताना हलू लागली, तर वाट पाहू नका. त्याच आठवड्यात दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, आणि तुकडा तपासायला सांगितला तर तो काढू द्या.